खान्देशात राहून फोटोग्राफी शिकायची आणि फोटो दाखवायचे, ते कसे

पाच वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवट-पांढरी लांबट वांगी, बाजूला भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचणारे दोघं. माझ्या हातात नवीनच घेतलेला जुना कॅमेरा. रात्री दहापर्यंत दोनशेच्या वर फोटो काढले. सकाळी लॅपटॉपवर बघतो तर सगळ्यांचे चेहरे शेंदरी, ठेचणाऱ्यांचे हात पुसट, आणि जाळाच्या जागी नुसता पांढरा डाग. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी विचारलं, "फोटो काढतो त दाखवशीन कवा?" दाखवण्यासारखा एकही नव्हता.

त्यानंतर तीन महिने मी समोर येईल तो व्हिडिओ बघितला. बर्फाचे डोंगर, समुद्रकिनारे, स्टुडिओतले दिवे. ऐकायला छान वाटायचं, पण मळ्यात गेलो की पुन्हा तसेच फोटो. इंटरनेटवर शिकण्याचं साहित्य भरपूर आहे, फुकटही आहे. त्यात कुठून शिरायचं, काय सोडायचं आणि काढलेलं कुठे मांडायचं, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणी आत्ता सुरुवात केली असेल, तर तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

हाताशी काय हवं

- मोबाइल किंवा कॅमेरा. मोबाइल असेल तर त्यात ‘प्रो’ मोड, म्हणजे शटर, आयएसओ वगैरे हाताने ठरवू देणारी सोय, आहे का ते बघा. नसेल तर तो देणारं ॲप टाका.
- जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेणार असाल, तर सोबत ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा. कमी पैशात मिळणारी आणि अंधारात कामाला येणारी लेन्स हीच.
- दोन मेमरी कार्डं, एक बाहेरची हार्ड डिस्क.
- गूगल खातं, आणि ज्याचा पासवर्ड तुम्हीच लिहून ठेवलाय असा ईमेल.
- साधी वही. ही गाळू नका.

ट्रायपॉड, फिल्टर, दुसरी लेन्स यातलं पहिल्या सहा महिन्यांत काही घेऊ नका.

१. आधी एक विषय धरा, तोही घराजवळचा

‘मला फोटोग्राफी शिकायची आहे’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. ‘मला आमची केळीची बाग वर्षभर टिपायची आहे’ म्हटलं की शिकणं सुरू होतं. मृगबागेची लागण, पावसातली पानं, केळफूल, घड, कटाई, ट्रक भरणं. एकाच विषयात सकाळचा उजेड येतो, सावली येते, माणसं येतात, घाई येते. तुमच्या घराजवळ मेहरूण तलाव असेल, पांझरेचा काठ असेल, भुसावळचं जंक्शन असेल, अमळनेरचा बाजार असेल, तर तो विषय. आठवड्यातून दोनदा पायी जाता यावं एवढीच अट.

तोरणमाळला किंवा पाटणादेवीला वर्षातून एकदा जाऊन आणलेल्या पाचशे फोटोंतून मी फार कमी शिकलो. एकाच बांधावरून चाळीस सकाळी काढलेल्या फोटोंनी मला उजेड शिकवला.

२. बिघडलेला फोटो समोर ठेवा आणि मगच शोधा

आधी धडे, मग फोटो असा क्रम मी लावला होता. तो उलटा करा. फोटो काढा, त्यातली चूक एका वाक्यात वहीत लिहा आणि फक्त तेवढंच शोधा. त्या भरीत पार्टीच्या तीन चुका मी अशाच सोडवल्या.

पहिली चूक: ठेचणारे हात पुसट. ‘मोशन ब्लर’ एवढं शोधलं. शटर जितका वेळ उघडं, तितकी हालचाल फोटोत उतरते. माझं शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ उघडं राहत होतं. बडगीत मुसळ आदळतंय, हात वरखाली होतायत, तिथे १/१२५ तरी हवं, हात अगदी थिजलेला हवा असेल तर १/२५०. सारंगखेड्याच्या यात्रेत दौडणारा घोडा टिपायचा असेल तर १/१०००.

दुसरी चूक पहिलीतूनच येते. शटर लवकर मिटलं की उजेड कमी पडतो. तो भरून काढायचे दोन मार्ग. लेन्सचं छिद्र मोठं करा, म्हणजे एफचा आकडा लहान करा, किंवा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा. आयएसओ वाढवला की दाणे दिसतात, म्हणून मी घाबरून तो ४०० च्या वर नेत नव्हतो. आता जाळाच्या उजेडात बिनधास्त ३२०० ठेवतो. दाणेदार पण स्पष्ट फोटो बघवतो. गुळगुळीत पण हललेला फोटो टाकूनच द्यावा लागतो.

तिसरी चूक, शेंदरी चेहरे. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. जाळाचा उजेड मुळातच तांबडा असतो आणि कॅमेरा आपल्या अंदाजाने तो सुधारायला जातो, कधी कमी, कधी जास्त. प्रो मोडमध्ये हा आकडा केल्विनमध्ये, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापात, हाताने ठेवता येतो. मी ३२०० च्या आसपास ठेवतो. जाळाची ऊब राहते आणि माणसाची कातडी माणसासारखी दिसते. सगळा तांबूसपणा काढून टाकू नका, नाहीतर भरीत पार्टी ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी दिसेल. अजून एक गोष्ट: फोकस आणि उजेडाचं माप चेहऱ्यावर घ्या, जाळावर नको. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावलं की तेवढं होतं.

हे कुठे वाचायचं? ‘केंब्रिज इन कलर’ हे संकेतस्थळ मला सर्वांत उपयोगी पडलं. एक्स्पोजर, लेन्स, रंग, छपाई यांवर आकृत्यांसह फुकट धडे आहेत. इंग्रजी आहे, पण क्रोममध्ये पान मराठीत करून घेता येतं. भाषांतर ओबडधोबड येतं, आकृत्यांवरून मात्र समजतं. दुसरं म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका. जुना कॅमेरा घेताना ती मिळत नाही, पण कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकलं की पीडीएफ मिळते. ती मोबाइलमध्ये ठेवा. यूट्यूब शेवटी, आणि तेही आपल्या नेमक्या चुकीचं नाव टाकून शोधून. ‘दहा भन्नाट युक्त्या’ अशा नावांचे व्हिडिओ सोडून द्या.

३. आपल्याकडच्या उन्हाशी जुळवून घ्या

बाहेरच्या धड्यांत उन्हाबद्दल जे लिहिलेलं असतं, ते इथल्या मे महिन्याला पुरत नाही. पारा ४५ च्या आसपास गेलेला असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. कॅमेरा गाडीत ठेवून जाऊ नका. ओल्या फडक्यात गुंडाळू नका. पांढऱ्या सुती पिशवीत, सावलीत ठेवा.

उन्हाळ्यात मी सकाळी नऊनंतर कॅमेरा काढत नाही. जमीन तापली की हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने टिपला तरी पाण्यात पडल्यासारखा दिसतो. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं येतात, तिथेही हेच. उजाडताच पोचा. मी बरेच दिवस लेन्सला दोष देत होतो, ती दुरुस्तीलाही टाकून आलो. दोष तापलेल्या हवेचा होता.

सूर्य कुठून उगवणार, कोणत्या वेळी कुठल्या बाजूला असणार, हे ‘सनकॅल्क’वर आणि ‘द फोटोग्राफर्स इफेमेरिस’च्या वेब आवृत्तीवर नकाशावर दिसतं. चांगदेवच्या देवळाचा दर्शनी भाग कधी उजळेल, हे घरबसल्या ठरवून निघता येतं.

दोन इथल्या अडचणी. कापसाच्या ढिगाचा फोटो काढला की कापूस राखाडी येतो, कारण कॅमेरा सगळं मधल्या उजेडाचं धरून चालतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा एकूण उजेड कमीजास्त करायची सोय, एक घर वाढवा, कापूस पांढरा होतो. काळ्या रानाचा फोटो असेल तर तेच एक घर कमी करा. दुसरी, केळीच्या बागेत चेहरे हिरवट येतात, कारण उजेडच पानांतून गाळून आलेला असतो. माणसाला बागेच्या कडेला, मोकळ्या आभाळाच्या बाजूला तोंड करून उभं करा. नंतर संगणकावर हिरवा काढायला गेलात की बागच फिकी पडते.

४. सुधारणा हलक्या हाताने

मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे, फुकट आहे, आणि त्यात एखाद्याच जागेचा उजेड कमीजास्त करता येतो. संगणकावर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी, जोडकामाला जिंप. तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पैसे लागत नाहीत. काहीच टाकायचं नसेल तर फोटोपिया थेट ब्राउझरमध्ये चालतं. फोटोशॉपची चोरटी प्रत अजिबात घेऊ नका. त्यासोबत आलेल्या व्हायरसने माझ्या एका मित्राच्या लग्नाच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या.

करायचं एवढंच: क्षितिज सरळ करा, कडेचं अनावश्यक कापा, उजेड आणि व्हाइट बॅलन्स जुळवा, थोडा कॉन्ट्रास्ट. मग थांबा. सॅच्युरेशन वाढवून हिरव्याचा पोपटी आणि आभाळाचा शाईसारखा निळा करण्याचा मोह सगळ्यांना होतो. सुधारलेला फोटो एक रात्र ठेवा, सकाळी बघा, मग टाका.

बाहेर टाकायची फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत काढा. दुसऱ्या पद्धतीत काढली की इतरांच्या मोबाइलवर रंग मेलेले दिसतात आणि कारण कळत नाही.

५. जपून ठेवणं

इथे मला भुसावळची एक कबर आठवते. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तिथे आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती. त्या छायाचित्रांचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं. त्याच्या अनेक प्रती निघाल्या म्हणून ती आजही बघायला मिळतात. गिल १८७९ मध्ये वारले आणि त्यांना भुसावळला पुरलं.

माझ्याकडच्या दोन वर्षांच्या कानबाईच्या उत्सवाच्या फोटोंची एकच प्रत होती, एकाच हार्ड डिस्कवर. स्थापनेची रात्र, सोमवारची विसर्जनाची मिरवणूक, रोट. डिस्क एका संध्याकाळी टकटक करायला लागली आणि बंद पडली. त्यातल्या काही फोटोंत माझी आत्या होती, ती आता नाही.

म्हणून: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. संगणकावर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी ऑनलाइन किंवा नातेवाइकाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा मिळत नाही. ईमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी मिळतात, म्हणून तिथे निवडकच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे, तो आकसलेला असतो. मूळ फाइल पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

६. कुठे मांडायचं

प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे. सगळीकडे खाती काढू नका.

इन्स्टाग्रामवर लोक भेटतात, पण फोटो लहान होतो आणि दोन दिवसांत खाली जातो. फ्लिकर २००४ पासून आहे. फुकट खात्यात १००० फोटो ठेवता येतात, मोठ्या आकारात दिसतात, शटर-आयएसओची माहिती सोबत दिसते. मी शिकायला फ्लिकर वापरतो. आवडलेल्या फोटोखाली ते आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि आपल्या बांधावर तेच करून बघायचं.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियाच्या लेखांत दिसणारे बहुतेक फोटो तिथे असतात आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच दिलेले असतात. तुमच्या गावाचा मराठी विकिपीडियावरचा लेख उघडून बघा. आपल्या भागातल्या कितीतरी गावांच्या, किल्ल्यांच्या, पदार्थांच्या लेखांत एक धड चित्र नसतं. लळिंगच्या किल्ल्याचा स्वच्छ फोटो, बडगीतल्या भरिताचा फोटो, पारोळ्याच्या किल्ल्याचा फोटो तिथे गेला की तो वर्षानुवर्षं कुणीतरी बघतं.

पद्धत सोपी आहे. खातं उघडा. ‘अपलोड विझार्ड’मध्ये मूळ आकाराची फाइल द्या. ‘हे माझं स्वतःचं काम आहे’ हे निवडा. परवाना निवडा. तिथला नेहमीचा परवाना म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही, अगदी व्यवसायासाठीही, फोटो वापरू शकतो. हा परवाना मागे घेता येत नाही, म्हणून आधी नीट वाचा. घरातल्यांचे खासगी फोटो तिथे देऊ नका. मथळा मराठीत द्या, गाव-तालुका-जिल्हा लिहा, वर्गवारी जोडा. पुष्कळ जण व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल चढवतात. तिच्यातली कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते, मग तपासणाऱ्यांना ती कुठून तरी उचललेली वाटते आणि फोटो काढला जातो. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही वारसास्थळांची स्पर्धा असते. आपल्याकडची देवळं, लेणी, किल्ले त्यात देता येतात.

पक्षी-प्राणी-झाडांसाठी आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड. तिथे फोटो सुंदर नसला तरी चालतो, ओळख पटण्याइतका स्पष्ट हवा. आयनॅचरलिस्टवर तारीख आणि जागा दिली की जाणकार नाव सांगतात. मला वेड्या राघूची आणि वटवट्याची खरी नावं तिथेच कळली.

७. परवानगी आणि जागेची गुपितं

रानपिंगळा हे घुबड ११३ वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. १८८४ नंतर थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला ते पुन्हा दिसलं. ते आजही धोक्यातल्या यादीत आहे. असा पक्षी तुम्हाला दिसला तर फोटो जरूर काढा, पण फाइलमध्ये लपलेली जीपीएसची नोंद पुसूनच समाजमाध्यमावर टाका. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकतं, इन्स्टाग्रामवर मात्र तुम्हीच गावाचं नाव लिहून बसता. घरट्याचे फोटो काढूच नका. आई-बाप उडतात आणि पिल्लं उन्हात राहतात.

माणसांचंही तसंच. अक्कलकुव्याकडच्या काठीच्या होळीला कॅमेरे घेऊन खूप लोक येतात. अंगावर राखेची नक्षी काढून, व्रत पाळून नाचणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर लेन्स धरलेली मी पाहिली आहे, त्याला बाजूला ढकलून जागा घेतलेलीही पाहिली आहे. तो त्याचा सण आहे. आदल्या दिवशी पोचा, बसा, बोला, विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत.

अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते.

हक्कांचं एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. मात्र कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले, लग्नाचे वगैरे, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. आपल्या पानावर ते फोटो टाकायचे असतील तर सुपारी घेतानाच एक ओळ लिहून घ्या. आणि ऑनलाइन स्पर्धांचे नियम शेवटपर्यंत वाचा. काहींत प्रवेश घेतला की फोटोचे सगळे हक्क आयोजकांकडे जातात. मी एकदा न वाचता ‘मान्य’ दाबलं आणि केळीच्या कटाईचा फोटो एका जाहिरातीत बघितला, नावाशिवाय. तुमचा फोटो कुठे फिरतोय ते गूगल लेन्स किंवा टिनआय वर शोधता येतं.

८. शंभरातून दहा निवडा, दहांतला एक छापा

महिन्याच्या शेवटी त्या महिन्याचे दहाच फोटो बाजूला काढा. निवड एकट्याने करू नका. मी दोन माणसांना दाखवतो: एक फोटोग्राफी जाणणारा, एक अजिबात न जाणणारा. पहिला चूक सांगतो. दुसरा कोणत्या फोटोवर थांबतो ते मी बघतो. ‘कसा वाटला’ असं विचारू नका, सगळे ‘छान’च म्हणतात. ‘यातले पाच काढून टाक’ म्हणा.

मग एक छापा. ८ बाय १२ इंचांच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे २४०० बाय ३६००. मोबाइलची मूळ फाइलही एवढी असते. पहिल्यांदा मी लॅबला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, चेहऱ्यावर चौकोन चौकोन उमटले. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल घेऊन जा, लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं सांगा, आणि आधी ४ बाय ६ ची एक नमुना प्रत काढून बाहेर उन्हात धरून बघा. पडद्यावर ठीक दिसणारा फोटो कागदावर बहुतेकदा थोडा काळपट येतो. तसं झालं तर उजेड थोडा वाढवून दुसरी प्रत काढा.

यंदाच्या भरीत पार्टीचा फोटो मी तिसऱ्या प्रयत्नात हवा तसा छापून घेतला. शटर १/१२५, एफ २, आयएसओ ३२००. बडगीवर वाकलेले दोघं, मागे जाळ, आणि डाव्या कडेला कांद्याची पात चिरत बसलेल्या आजी. आजींनी तो उंबऱ्यावर उजेडात धरला, आधी आपला नव्हे, तर त्या दोघांचा चेहरा ओळखला आणि मग विचारलं, "हे हातातलं पातं चमकतंय ना, ते कसं काय आलं?"